ट्रकचालकाचे आरोग्य : प्रशिक्षणातला राहून गेलेला धडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक परिचित गृहस्थ हातात चार कागद घेऊन आले. त्यांच्या मालकीचे तीन ट्रक चाकणहून दक्षिणेकडे माल नेतात. कागद होते त्यांच्या चालकांच्या वैद्यकीय दाखल्याचे, म्हणजे परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे फॉर्म १-अ. "डॉक्टरसाहेब, एवढ्या चार सह्या द्या. माणसं गाडीवर आहेत. परवा आली की लगेच आरटीओत पाठवायचं आहे," असे ते म्हणाले. मी नकार दिला. ते थोडे नाराज होऊन गेले.

परंतु या नकारामागचे कारण सांगितले नाही तर तो प्रामाणिकपणा होणार नाही. त्याआधी दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद मी माणूस न पाहता सही करून दिला होता. ज्याच्या कागदावर ती सही होती तो चालक पुढे पायाची जखम भरत नाही म्हणून दवाखान्यात आला. रक्तातील साखर तीनशेच्या वर होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. "रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं, मग मी डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीकडं बघत गाडी काढतो," असे त्याने अगदी सहजपणे सांगितले. अठरा टन माल घेऊन हा माणूस दोन वर्षे रात्रीचा रस्ता कापत होता, आणि त्याची दृष्टी उत्तम असल्याचा दाखला माझ्या सहीने दिलेला होता.

आज ट्रकचालक मिळत नाहीत अशी ओरड चाकण, तळेगाव, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात सगळीकडे ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून प्रशिक्षण केंद्रे वाढवा, तरुणांना शिकवा, असे म्हटले जाते. हे योग्यच आहे. परंतु प्रशिक्षण कशाचे द्यायचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. स्टिअरिंग, गिअर, ब्रेक आणि रस्त्यावरच्या खुणा एवढेच शिकवून चालक तयार होतो, असे आपण धरून चाललो आहोत. ट्रक ज्या शरीराच्या भरवशावर चालतो त्या शरीराबद्दल त्याला कोणी काहीच शिकवत नाही. माझ्या मते हाच आपल्या प्रशिक्षणातला राहून गेलेला धडा आहे.

पूर्वी ट्रकचालक शाळेत तयार होत नसे, उस्तादाच्या हाताखाली तयार होई. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा, काचा पुसायचा, चाकाला उटी लावायचा, चार-सहा वर्षांनी मोकळी गाडी हातात मिळायची. या पद्धतीत शोषण होते, मारझोड होती, हे खरे. पण घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची, हे त्या पोराच्या अंगवळणी पडलेले असे. शिवाय केबिनमध्ये दुसरा माणूस असे. उस्तादाची मान कलली की तो हाक मारी. आता भाडे परवडत नाही म्हणून क्लीनर गेला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत ही सक्तीही २०१८ मध्ये शिथिल झाली. उस्ताद गेला, क्लीनर गेला, आणि त्यांच्या जागी आपण काहीच आणले नाही. केबिनमध्ये राहिला एकटा माणूस आणि त्याचा मोबाइल.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध झोपेचा आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात मनुष्याचे शरीर निसर्गतःच मंदावते. अशा वेळी थकलेल्या माणसाला जी डुलकी लागते ती कित्येकदा चारच सेकंदांची असते, डोळे उघडे असतानाही लागते, आणि लागून गेल्याचे त्याचे त्यालाही कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक चार सेकंदांत सुमारे ६७ मीटर जातो. एकामागे एक उभ्या केलेल्या सहा एसटी गाड्यांइतके हे अंतर. तेवढे अंतर ट्रक चालकाविना धावतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच चुकतो. आपल्याकडे चालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला आणि रात्री अकरानंतरही गाडी हाकणारा चालक थेंबभर दारू न पिताही झिंगलेल्या माणसाच्या पंगतीला बसतो. दारू प्यायलेल्याला पोलिस तोंडात नळी देऊन पकडतात. झोपेला पकडणारी नळी अजून नाकाबंदीवर आलेली नाही.

झोप आली की काय करता, असे मी चालकांना नेहमी विचारतो. उत्तरे ठरलेली असतात. तंबाखू मळतो, चहा घेतो, खिडकी उघडतो, गाणी मोठ्याने लावतो. यांपैकी चहाचा थोडा उपयोग होतो, पण त्यालाही परिणाम दाखवायला अर्धा तास लागतो. बाकीचे उपाय म्हणजे मनाची समजूत. झोपेवर खरा उपाय एकच, तो म्हणजे झोप. सुरक्षित जागी गाडी लावून घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप तंबाखूच्या दहा चिमट्यांपेक्षा अधिक कामाची असते. ही साधी गोष्ट शिकवायला किती खर्च येतो?

दुसरी गोष्ट घोरण्याची. आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण समजतात. जाड मान, सुटलेले पोट आणि घोरता घोरता मध्येच श्वास अडकून दचकून जागे होणे, ही लक्षणे असलेल्या माणसाची झोप रात्रभर तुटत असते. तो आठ तास पडून राहिला तरी सकाळी थकलेलाच उठतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो. बैठे काम, ढाब्यावरचे तेलकट जेवण आणि वाढते वजन यांमुळे ट्रकचालकांत हा विकार होण्यास पोषक स्थिती असते. यावर चांगले उपचार आहेत. पण फॉर्म १-अ मध्ये पाहा. २५ मीटरवरून गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, हे सारे विचारलेले आहे. झोपेबद्दल किंवा घोरण्याबद्दल एकही प्रश्न नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. सर्दीची म्हणून दुकानातून आणलेली गोळी झोप आणू शकते, हे पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले असते. ते केबिनमधल्या दिव्यात कोण वाचणार? मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण टळले तर साखर एकदम उतरते, हात थरथरतात, घाम सुटतो आणि डोक्यात गोंधळ उडतो. ज्याच्या जेवणाची वेळ टोलनाका आणि गेटवरची रांग ठरवते, त्याला हे माहीत असलेच पाहिजे. खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवा, एवढे सांगायलाही कोणीतरी लागते.

ट्रकचालकांपर्यंत आरोग्यशिक्षण पोचतच नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. पोचवायचे ठरवले तेव्हा ते पोचले आहे. १९९०च्या दशकात एड्सची साथ वाढू लागली तेव्हा आरोग्य कार्यकर्ते ट्रकतळांवर, ढाब्यांवर गेले, चालकांशी त्यांच्या भाषेत बोलले, निरोध वाटले, तपासण्या केल्या. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये आपल्या भोसरीतच सुरू झाली. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यातून एक विचित्र सवय लागली. ट्रकचालकाचे आरोग्य म्हटले की आपल्याला तो एकच रोग आठवू लागला. इतरांना ज्याच्यापासून धोका आहे असा माणूस, याच नजरेने आपण त्याच्याकडे पाहिले. त्याची पाठ, डोळे, रक्तदाब आणि झोप यांच्याकडे पाहायचे राहूनच गेले.

योगायोग असा, की रस्तावाहतुकीचे शिक्षण देणारी सीआयआरटी ही १९६७ पासूनची संस्था भोसरीतच आहे, चालकांच्या प्रशिक्षणाची आयडीटीआर आणि एसटी महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही तिथेच. जवळच पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि निगडीला ट्रान्सपोर्टनगरी आहे. शिकवणारे, तपासणारे आणि ज्यांना शिकवायचे ते, सारे काही किलोमीटरच्या आत. देशात फार थोड्या शहरांना ही सोय आहे. तरीही चालक शिकतो एकीकडे, सही घेतो दुसरीकडे, आणि आजारी पडतो ते तिसरीकडेच.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. त्याला जोडून एक पूर्ण दिवस शरीरासाठी द्यावा, ही माझी पहिली सूचना. त्या दिवशी डोळे, साखर, रक्तदाब तपासावा, घोरण्याबद्दल विचारावे आणि झोप, जेवण, औषधे यांविषयी डॉक्टरने समोर बसून बोलावे. पेट्रोल, रसायने अशा धोकादायक मालाच्या चालकांना तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आजही सक्तीचे आहे. मग लोखंडाची गुंडाळी घेऊन कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या चालकाने एक दिवस दिला तर बिघडले कुठे? २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी याच उतारावर एका मालवाहू गाडीने एकामागून एक कितीतरी वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनरच्या अपघातात इथेच आठ जणांचे प्राण गेले. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड या रस्त्यावर पुनःपुन्हा चर्चेत येते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. हे ज्ञान गाडीचे झाले. पण थकलेल्या, उपाशी माणसाला माहीत असलेलेही आठवत नाही, हे ज्ञान शरीराचे आहे. दोन्ही एकत्रच शिकवायला हवीत.

दुसरी सूचना मालकांना आणि कंपन्यांना. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम साधारणपणे दिवसाला आठ तास ठरवले होते. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आठ तासांची मर्यादा तीतही आहे. प्रत्यक्षात २०२० साली दहा शहरांत झालेल्या एका पाहणीत चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवतात असे आढळले, आणि सुमारे निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप येत असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले. त्याच पाहणीत ८४ टक्के चालकांनी आपल्या घरातल्या कोणाला या धंद्यात यायला सांगणार नाही, असे म्हटले. चालक का मिळत नाहीत, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. खेपेची वेळ ठरवताना त्यात झोपेचे तास धरा. कारखान्याच्या गेटबाहेर पाच-सहा तास रांगेत ताटकळणाऱ्या चालकाला शौचालय, पिण्याचे पाणी आणि पाठ टेकायला जागा द्या. रांगेत गाडी पुढे सरकवावी लागते म्हणून त्याला तिथे झोपताही येत नाही. मग माल उतरला, की तोच माणूस न झोपता परतीच्या खेपेला निघतो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण गार हवेत थकलेला माणूस लवकर पेंगतो, हेही ध्यानात ठेवा.

यावर गाडीमालक म्हणतील, हप्ते भरायचे की झोपा मोजायच्या? त्यांची अडचण खोटी नाही. तीन गाड्यांचा मालक हाही पुष्कळदा कालचा चालकच असतो. चालकांची भीती तर त्याहून खरी आहे. तपासणीत काही निघाले तर परवाना जाईल, म्हणून ते दुखणे लपवतात. म्हणूनच तिसरी सूचना अशी, की तपासणीचा हेतू माणसाला गाळण्याचा नसावा, त्याला चाकावर टिकवण्याचा असावा. चष्म्याने, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने, नियमित गोळीने बहुतेक जण पुढे अनेक वर्षे सुखरूप गाडी चालवू शकतात. उपचाराच्या काळापुरता आधार देण्याची व्यवस्था वाहतूकदारांच्या संघटनांनी मनावर घेतली तर अशक्य नाही.

आणि चौथी सूचना माझ्या व्यवसायबंधूंना. माणूस समोर नसेल तर सही करू नका. माझ्या त्या चालकाचा मोतीबिंदू काढला, साखर ताब्यात आली, आज तो पुन्हा गाडीवर आहे. दोन वर्षांत त्याच्या हातून काही घडले नाही, हे त्याचे आणि माझे नशीब. नशिबावर दाखले देता येत नाहीत.

शेवटी ज्या घरात ट्रकचालक आहे त्या घरातील मंडळींना एक विनंती. ते घरी आले की घोरताना श्वास अडकतो का, याकडे लक्ष द्या. पाणी फार पितात का, रात्री सारखे उठतात का, वर्तमानपत्र लांब धरून वाचतात का, ते पाहा. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या खेपेला निघण्याआधी त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. खेप एक दिवस उशिरा पोचली तर मालक बोलेल, पण ते ऐकून घ्या.