असईला होळकर नव्हते

दर वर्षी २३ सप्टेंबरच्या आसपास आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो. ग्रुपमध्ये निम्मी पोरं शहापूर-मुरबाडची, बाकी कल्याण-बदलापूरची. सगळे इंजिनिअर, सगळ्यांना इतिहासाची भारी आवड. फॉरवर्डचा सारांश असा: १८०३ साली असईच्या मैदानात शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढत होते आणि यशवंतराव होळकर माळव्यात बसून गंमत बघत होते, म्हणून राज्य गेलं. शेवटी ठळक अक्षरांत 'गद्दार'. पाच मिनिटांत कोणीतरी उलटा फॉरवर्ड टाकतो. त्यात एकटे यशवंतराव लढले आणि बाकी सगळे विकले गेले. गेल्या वर्षी यावरून जातीपर्यंत गेलं आणि एक धनगर मित्र काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. चार वर्षं एका बाकावर बसलेला पोरगा होता तो.

मला हे दोन्ही फॉरवर्ड आळशी वाटतात. एवढी मोठी फौज असलेला माणूस शेजारी युद्ध पेटलेलं असताना थांबतो, तेव्हा 'का थांबला' हा प्रश्न विचारायचा असतो. 'गद्दार' म्हटलं की तो विचारायची गरजच उरत नाही, आणि 'महावीर' म्हटलं तरी उरत नाही.

तर, का थांबले? आधी यशवंतरावांच्या खात्यावर काय जमा होतं ते बघा. १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा मल्हारराव पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या हल्ल्यात मारला गेला. मल्हाररावाचं तान्हं मूल, खंडेराव, शिंद्यांच्या ताब्यात गेलं. यशवंतराव पळून नागपूरला गेले, तर भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकलं. १८०१ मध्ये भाऊ विठोजीला दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं. आता दोन वर्षांनी हेच शिंदे, हेच भोसले म्हणतात, या, आपण सगळे मराठे एक आहोत, आधी इंग्रजांना हाकलू, आपलं नंतर बघू. तुम्ही गेला असतात? मी तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वर्षं अबोला धरलेल्या माणसाच्या लग्नालाही जात नाही.

दुसऱ्या बाजूचं खातंही कोरं नव्हतं. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला आपल्या इथून जवळच वसईला तैनाती फौजेचा तह करून बसला. म्हणजे ज्या तहामुळे हे युद्ध झालं, तो तह होण्यात होळकरांच्या विजयाचाही हात होता. 'एकटे लढले' वाल्यांनी हे पान वाचावं.

१८०३ च्या उन्हाळ्यात शिंदे-भोसल्यांच्या छावणीतून होळकरांशी बोलणी चालू होती. होळकरांचं म्हणणं, आधी माझा मुलूख आणि माझा पुतण्या मोकळा करा. समोरच्यांचं म्हणणं, आधी या. शिंदे बरंच कबूलही करत होते, पण त्या कबुलीला जामीन कोण? पूर्वी असं भांडण मिटवायला पुणं होतं. आता पुण्यात इंग्रजांनी आणून बसवलेला बाजीराव होता, ज्याने विठोजीला मारलं. प्रत्येक जण दुसऱ्याने आधी हात सोडावा म्हणून थांबलाय. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. प्रोग्रॅममध्ये तो सोडवायला वर कोणीतरी लागतं. मराठी राज्यात त्या 'वर'ची जागा रिकामी झाली होती. माझा राग होळकरांपेक्षा या रिकाम्या जागेवर जास्त आहे.

इथपर्यंत मी होळकरांचा वकील. आता उलटतपासणी.

थांबणाऱ्याला वेळ मिळतो, हे खरं. पण तो वेळ त्याला देतं कोण? होळकरांना तो इंग्रज देत होते. आर्थर वेलस्ली त्यांच्याशी गोडीगुलाबीने पत्रव्यवहार ठेवून होता, कारण दोन शत्रू मोडेपर्यंत तिसरा घरी बसणं त्याच्या सोयीचं होतं. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई इंग्रजांनी जिंकली, २३ ला असई. असईला वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे लढाई काही एकतर्फी नव्हती. तिथे होळकरांचे घोडदळ असतं तर, हा प्रश्न मनात येतोच. मी तो लांबवत नाही. नोव्हेंबरात लासवारी आणि अडगाव, १७ डिसेंबरला भोसल्यांचा देवगावचा तह, ३० डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा. पाच महिन्यांत खेळ खलास. आणि मग एप्रिल १८०४ मध्ये, होळकर चौथाईचा आपला जुना हक्क मागतात म्हणून, इंग्रजांनी त्यांच्याशी युद्ध पुकारलं. दिलेला वेळ परत मागितला.

इथे ग्रुपवरचा कोणीतरी अमेरिका काढतोच. अमेरिका बघा, दुसऱ्या महायुद्धात दोन वर्षं लांब राहिली, दोघांना दमू दिलं आणि शेवटी येऊन जग जिंकली, याला म्हणतात डोकं. अरे, पण तिच्या दोन्ही बाजूंना महासागर होते. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या मुलखात मध्ये फार तर एखादी नदी. शिवाय अमेरिका नुसती बसली नव्हती. १९३९ च्या नोव्हेंबरपासून रोख पैसे द्या आणि आपल्या जहाजातून माल न्या अशा अटीवर ती शस्त्रं विकत होती, १९४० मध्ये तिने सक्तीची लष्करभरती सुरू केली, मार्च १९४१ मध्ये लेंड-लीजचा कायदा करून ब्रिटनला उधारीवर माल द्यायला लागली. यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा ब्रिटन उभं होतं आणि रशियाही उभा होता. तिला सोबत लढायला माणसं शिल्लक होती. होळकर उतरले तेव्हा एकही नव्हतं.

आणि तरी ते कसे लढले! १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज त्यांनी मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळली. भरतपूरच्या तटावर लेकचे चार हल्ले फसले. हे वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण शेवटी भरतपूरच्या राजाने तह केला आणि होळकर मदत मागत पंजाबात गेले. तिथे रणजितसिंहांनी तेच केलं जे होळकरांनी १८०३ मध्ये केलं होतं. २४ डिसेंबर १८०५ ला राजघाटचा तह झाला.

यात नवं काही नाही. आसनगावला उतरलं की समोर जो माहुली दिसतो, तिथे १६३६ मध्ये शहाजीराजे निजामशाही वाचवायला शेवटचे लढले. विजापूरची आदिलशाही आधी आतून त्यांना मदत करत होती. मग तिने शहाजहानशी तह करून निजामशाहीतला वाटा घेतला आणि मोगलांच्या बरोबरीने आपलीही फौज माहुलीवर पाठवली. शेजारचं घर पडलं, आपल्याला अंगण मिळालं. पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतलं.

परवा मी ग्रुप सोडलेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तू लिहितोयस ते ठीक, पण शिंद्यांचंही लिही." बरोबर आहे. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. शेवटच्या वर्षांत ते तिथे तोफा ओतत होते. जून १८१७ मध्ये बाजीरावाने पुण्याच्या तहात उत्तर कोकण, म्हणजे आमचं शहापूर-मुरबाडही, इंग्रजांना लिहून दिलं. ५ नोव्हेंबरला तो खडकीला लढायला उभा राहिला. महिन्याच्या शेवटी भोसले सीताबर्डीला लढले, २१ डिसेंबरला होळकरांची फौज महिदपूरला. दौलतराव शिंदे कुठेच लढले नाहीत. खडकीची लढाई झाली त्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, त्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही केली होती.