नाचणारा पुरुष मोठा कधी होतो?

नाचणाऱ्या पुरुषाबद्दल आपल्या समाजात दोनच प्रकारची मते आढळतात. एक थट्टेचे, दुसरे थक्क होण्याचे. थट्टेसाठी 'नाच्या' हा एकच शब्द पुरतो. थक्क होणे असते ते गिरक्यांवर, उड्यांवर, न लागणाऱ्या धापेवर. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) पाहून आलेली माणसे गोपीकृष्णांच्या पायांच्या वेगाबद्दलच बोलत. म्हणजे पुरुषाने नाचायचे तर त्याने पैलवानासारखे काहीतरी करून दाखवले पाहिजे, तरच त्याचे नाचणे माफ! या दोन्ही मतांत नाच कुठेच नाही, हे आपल्या लक्षात येत नाही.

हा गोंधळ फक्त आपलाच आहे असेही नाही. युरोपातल्या बॅलेची गोष्ट बघा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये नर्तकीचे स्तोम इतके वाढले की पुरुष नर्तक म्हणजे तिला उचलून धरणारा हमाल, एवढीच त्याची किंमत उरली. १८७० साली 'कॉपेलिया' हा बॅले रंगमंचावर आला, तेव्हा त्यातल्या नायकाची भूमिकासुद्धा एका स्त्रीने केली होती. पुढे १९०९ साली रशियन मंडळी पॅरिसला आली, निजिन्स्की नाचला, आणि लोकांना पुरुष नर्तक पुन्हा दिसू लागला. त्याच्या उडीच्या दंतकथा झाल्या. तो हवेत क्षणभर थांबतो, असे लोक शपथेवर सांगत. पण माझ्या मते निजिन्स्कीचा मोठेपणा उडीत नव्हता. १९११ साली त्याने 'पेत्रुश्का' केला. त्यात तो भुसा भरलेला, पाय आत वळलेला, मान लुळी पडलेला जत्रेतला बाहुला होता. ज्या शरीरासाठी जग वेडे झाले होते, ते शरीर त्याने झाकून टाकले आणि बाहुल्याला वाट करून दिली. उडी मारणारे त्याच्यानंतर पुष्कळ झाले.

हा विचार मनात घोळत असताना मला आठवतो तो आदिलाबादचा घुसाडी.

आदिलाबाद म्हटले की आपल्याला वाटते, तेलंगणातला कुठला तरी दूरचा जिल्हा. पण तो मराठीला परका नाही. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. तिथल्या राजगोंडांचे भाट म्हणजे परधान. ते गोंडांच्या कुळकथा गोंडीत गातात, पण त्यांची घरची बोली मराठी. सीमेच्या अलीकडे आपण ज्याला 'घुसाडी' म्हणतो, त्याला पलीकडे 'गुस्साडी' म्हणतात. नाच तोच. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत गावोगाव 'दंडारी' निघते. एका गावचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते, तिथे रात्र नाचून काढते, जेवते, आणि पुढच्या खेपेला त्या गावाला आपल्याकडे बोलावते. पाहुणचार, सोयरीक, जुन्या भांडणांची समजूत हे सगळे त्या नाचाच्या आधाराने होते. या दंडारीत टिपऱ्या घेऊन नाचणारे असतात, स्त्रीवेश घेतलेली पोरे असतात, आणि या सगळ्यांत उठून दिसतो तो घुसाडी.

उठून दिसतो म्हणजे कसा? डोक्यावर शेकडो मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगभर राख, खांद्याला बकऱ्याचे कातडे, गळ्यात माळा, कमरेला आणि पायांत घुंगरू, हातात सोटा. समोर तुडुम आणि डफाचा ठेका. हा वेश एकदा चढला की तो माणूस गावचा अमक्याचा तमका राहत नाही. तो देव होतो. लोक त्याच्या पाया पडतात. व्रत संपेपर्यंत त्याने आंघोळ करायची नाही, अंगाची राख धुवायची नाही. दिवाळी सरल्यावर 'कोलाबोडी'चा विधी झाला की टोप उतरतो, आणि देव पुन्हा शेतावर जातो.

आता मला सांगा, या नाचात 'मोठा नर्तक' कसा ओळखायचा? तोंड राखेने माखलेले. अंग सोंगाखाली झाकलेले. एकट्याने पुढे येऊन टाळ्या घ्यायची सोय नाही. बॅलेच्या हिशेबाने पाहिले तर इथे सगळेच मागच्या रांगेतले. तरीसुद्धा बघणाऱ्या गावाला बरोबर कळते की कोण नुसता टोप घालून उड्या मारतो आहे आणि कोणाच्या अंगात घुसाडी आलेला आहे.

ते कळते टोपावरून, असे मला वाटते. मोरपिसांचा तो डोलारा डोक्यावर असताना मानेचा जरा तोल गेला की पिसे वेडीवाकडी हेलकावतात. कमरेत वाकून, गुडघे मोडून, पाय आपटत नाचायचे आणि तरी पिसांची लाट एका लयीत हलवायची, याला ताकद लागते. पण ती ताकद दिसता कामा नये. दिसायला हवा मोर. जो नर्तक आपली मेहनत दाखवतो तो मेहनती ठरतो, मोठा ठरत नाही. आपल्याकडे साखळीच्या चैत्रोत्सवात वीरभद्र नाचतो, त्याच्या दोन्ही हातांत तलवारी असतात. तो बघताना 'हा मनुष्य किती दमला असेल' असा विचार आपल्या मनात येतो का? आला, तर त्या वर्षी वीरभद्र आलाच नाही म्हणायचे!

म्हणून माझी पहिली कसोटी ही: नाचणाऱ्याने स्वतःला किती पुसले. दुसरी कसोटी याहून अवघड आहे. त्याने इतरांना किती नाचवले?

बॅलेतही याचा दाखला मिळतो. १९६२ साली लंडनमध्ये नुरेयेव्ह मार्गो फॉन्टेनबरोबर 'जिझेल'मध्ये नाचला. तो तेवीस वर्षांचा, ती बेचाळीस. बॅलेच्या हिशेबाने तिची निवृत्तीची वेळ आली होती. पण त्याच्या जोडीला ती पुढे अनेक वर्षे नाचत राहिली. नुरेयेव्ह मोठा अहंकारी होता म्हणतात, असेल. पण त्याच्यासमोर उभी राहिली की दुसऱ्याची कला उजळायची, हे त्याच्या अहंकारापेक्षा मोठे होते.

घुसाडीत याच कसोटीला उतरलेले एक नाव मी आदराने घेतो. कनक राजू. मार्लवाई गावचे. हे गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ च्या फेररचनेनंतर ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. गाव लहान, पण इतिहास मोठा. १९४० साली निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना कुमरम भीम मारले गेले. त्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले, आणि ते पत्नी बेट्टी यांच्यासह याच मार्लवाईत राहिले. गोंड शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण केंद्र तिथे १९४३ साली सुरू झाले, आणि गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके निघाली ती आपल्या देवनागरीत. बेट्टी यांची समाधीही तिथेच आहे. अशा गावातून कनक राजू घुसाडी घेऊन दिल्लीला गेले. १९८१ साली प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने त्यांनी इंदिरा गांधींसमोर नाच केला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, म्हणजे ऐन दंडारीच्या दिवसांत, ते वारले.

त्यांना मोठे मानायचे ते पद्मश्रीमुळे नव्हे. आयुष्यभर ते पोरांना घुसाडी शिकवत राहिले, म्हणून. वाद्यावर पाय कसा टाकायचा, टोप कसा पेलायचा, वाकायचे किती, हे पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ते एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडेच जाते. ते गेले तेव्हा त्यांचा नाच त्यांच्याबरोबर गेला नाही.

इथे कुणी म्हणेल, "अहो, पण घुसाडी दिल्लीच्या रस्त्यावर आणला तो त्यांनीच ना? देवाचा नाच पाहुण्यांपुढे केला, हे तुमच्या पहिल्या कसोटीत कसे बसते?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कारण आज घुसाडी राजकीय सभांत उभा केला जातो, मंत्र्यांच्या स्वागताला नाचवला जातो. ना व्रत, ना दिवाळी, ना पाहुणे गाव. पाच-सात मिनिटे नाचायचे, फोटो काढायचे, टोप पेटीत टाकायचा. आम्हा गोवेकरांना हे नवीन नाही. शिगम्याच्या सरकारी मिरवणुकीत घोडेमोडणी परीक्षकांसमोरून पुढे सरकते, तेव्हा तिथे मांड नसतो, नमन नसते, फक्त क्रमांक असतो. ज्याला मांड ठाऊक आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

माझे उत्तर असे. नाच मांडावरून मंचावर गेला, यात पाप नाही. तो परत मांडावर येतो की नाही, हे बघायचे. कनक राजू दिल्लीला जाऊन मार्लवाईला परत आले, दंडारीत राहिले, गावच्या पोरांना शिकवत राहिले. मंचावर जे मिळाले त्याचे वजन त्यांनी गावच्या पारड्यात टाकले. ज्या पोराने घुसाडी फक्त सभेपुरता शिकला, तो परत कुठे जाणार? त्याला परतायला गावच नाही. दोघांच्या अंगावर वेश सारखाच, पण एकाच्या पाठीशी दंडारी आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशी मानधनाचा चेक. चेक वाईट नाही, कलावंताला तो मिळालाच पाहिजे आणि वेळेवर मिळाला पाहिजे. फक्त चेकच्या जोरावर देव अंगात येत नाही.

मी सरकारी कारकून आहे. कलावंतांचे अर्ज कसे असतात ते मला ठाऊक आहे. त्यात 'कलाकाराचे नाव' असा रकाना असतो, 'मिळालेले पुरस्कार' असतो, 'कार्यक्रमांची संख्या' असते. कार्यक्रम मोजणे सोपे, म्हणून आपण कार्यक्रम मोजतो. 'आपल्याकडून शिकून आज मांडावर उभे राहणारे किती?' असा रकाना मी पाहिलेला नाही. दंडारीसारख्या नाचात तर एकट्याचे नाव लिहायचे कुठे, हाच प्रश्न. तुडुम वाजवणारा, टोप बांधणारा, टिपऱ्यावाले, रात्री चूल पेटवून पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या बायका, या सगळ्यांशिवाय घुसाडी उभाच राहत नाही. पुरस्काराला एक नाव लागते, ही त्याची अडचण आहे. ती समजून घेऊ. पण पैसा आणि सोयी पोचवायच्या तर त्या पथकाला आणि गावाला पोचवा, आणि दंडारीच्या दिवसांत तरी गावच्या घुसाडीला सरकारी कार्यक्रमाचे बोलावणे धाडू नका. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

लोक विचारतात, पुरुष नर्तक मोठा केव्हा? उंच उडी मारतो तेव्हा? दमत नाही तेव्हा? बाईला अलगद उचलतो तेव्हा? ही सगळी तालीम झाली. तालीम हवीच, तिच्यावाचून काहीच होत नाही. पण आदिलाबादच्या त्या राख माखलेल्या माणसाकडे पाहिले की मला वाटते, नाचताना तो माणूस दिसेनासा झाला पाहिजे, आणि नाच थांबल्यावर त्याच्या गावात आणखी चार जण नाचणारे उरले पाहिजेत. पहिले जमले तर तो चांगला नर्तक. दुसरेही जमले, तर तो मोठा.