रोहिणीकाठचा पाचवा माणूस : थायलंड-कंबोडिया संघर्ष आणि आपली उपेक्खा

२४ जुलै २०२५ रोजी थायलंड आणि कंबोडिया या दोन शेजारी देशांत उघड लढाई पेटली. दोन्ही देशांत ९० टक्क्यांहून अधिक लोक थेरवादी बौद्ध आहेत. दोन्हीकडे पहाटे भिक्खू पिंडपाताला निघतात, दोन्हीकडे तेच त्रिसरण आणि तेच पंचशील ग्रहण केले जाते. तरीही एकीकडून रॉकेटे सुटली आणि दुसरीकडून एफ-१६ विमानांनी बॉम्ब टाकले. पाच दिवसांत चाळीसहून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे तीन लाख लोकांना घरदार सोडावे लागले.

२८ जुलैला मलेशियात शस्त्रसंधी झाली. २६ ऑक्टोबरला क्वालालंपूर येथे दोन्ही देशांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नोव्हेंबरमध्ये सीमेवर भूसुरुंगाच्या स्फोटात थाई सैनिक जखमी झाले आणि थायलंडने जाहीरनाम्याची अंमलबजावणी थांबवली. डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई सुरू झाली. २७ डिसेंबरला दुसरी शस्त्रसंधी होईपर्यंत आणखी कित्येक जीव गेले आणि बेघर झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली.

या बातम्या येत होत्या तेव्हा आपल्याकडच्या अनेक तरुणांना प्रश्न पडला, की आपण कोणाच्या बाजूचे? थायलंडशी आपले नाते जवळचे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांतली बुद्धमूर्ती थायलंडहून दानात आलेली आहे. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडच्या भिक्खूंनी परभणी ते चैत्यभूमी अशी धम्म पदयात्रा केली, तेव्हा गावोगावच्या उपासक-उपासिकांनी रस्त्यावर फुले अंथरली होती. म्हणून कोणाला थायलंड आपला वाटला. कोणाला कंबोडिया लहान देश, म्हणून त्याचेच खरे असणार असे वाटले. आणि बरेच जण म्हणाले, आपण तटस्थ, आपल्याला काय करायचे?

यातले तिसरे उत्तर सर्वांत ‘बौद्ध’ वाटते आणि देणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच ते तपासून पाहणे गरजेचे आहे.

भांडण नेमके कशाचे?

या सीमावादाचे मूळ वसाहतकाळात आहे. कंबोडियावर फ्रान्सची सत्ता असताना १९०४ आणि १९०७ मध्ये फ्रान्स आणि सियाम, म्हणजे आजचा थायलंड, यांच्यात करार झाले. १९०४ च्या करारात दांग्रेक डोंगररांगेत पाणलोटाची रेषा हीच सीमा असे ठरले होते. मात्र नंतर फ्रेंच अधिकाऱ्यांनी जो नकाशा काढला, त्यात डोंगरमाथ्यावरचे प्रेआ विहिअर हे प्राचीन मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवले गेले. ‘विहिअर’ हा शब्द आपल्या ‘विहार’ शब्दाचाच भाऊ आहे. मंदिर मुळात शिवाचे, पुढे ते बौद्धांचे पूजास्थान झाले.

१९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे मंदिर कंबोडियाचे असल्याचा निकाल दिला. सियामने त्या नकाशाला दीर्घकाळ हरकत घेतली नव्हती, हे निकालाचे एक प्रमुख कारण होते. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेले आणि वाद पुन्हा पेटला. २०११ पर्यंत चकमकी होत राहिल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने जुन्या निकालाचा अर्थ पुन्हा स्पष्ट केला. तरी सीमेवरच्या इतर काही जागांचा प्रश्न शिल्लक राहिला. कंबोडियाला तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा आहे. थायलंडला त्या न्यायालयाचा अधिकार मान्य नाही, त्याला दोघांच्या संयुक्त सीमा आयोगातून तोडगा हवा आहे.

म्हणजे प्रश्न नकाशाचा आहे आणि तो चर्चेने सुटण्यासारखा आहे. पण त्यावर राजकारण स्वार झाले. थायलंडच्या तत्कालीन पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांचे कंबोडियाचे ज्येष्ठ नेते हुन सेन यांच्याशी झालेले फोनवरचे बोलणे जूनमध्ये बाहेर आले. त्यात त्या समोरच्याशी नरमाईने बोलत होत्या आणि स्वतःच्याच एका सेनाधिकाऱ्याबद्दल नाराजी व्यक्त करत होत्या. देशात संताप उसळला आणि ऑगस्टअखेर तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या कारभाराचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. मात्र युद्धज्वराच्या दिवसांत शेजाऱ्याशी मऊ बोलणेही महागात पडते, हे त्यातून दिसले.

या सगळ्याचा भार पडला तो सीमेवरच्या शेतकऱ्यांवर, छावण्यांत राहिलेल्या मुलांवर आणि थायलंडमधली रोजीरोटी सोडून मायदेशी परतलेल्या कंबोडियन मजुरांवर.

सिद्धार्थाने काय केले?

अशा प्रसंगी बौद्धाने कसे वागावे, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला वाद आपल्यातल्या प्रत्येकाने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वाचला आहे. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच या वादात दाखवले.

तो प्रसंग आजच्या बातम्या समोर ठेवून पुन्हा वाचावा. शाक्य संघाचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ स्वतः शाक्य आहे, संघाचा सभासद आहे. तो उठून दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, आगळीक कोणी केली याची आधी चौकशी करा, आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे कानावर आले आहे. दुसरी म्हणजे, आपण दोन माणसे निवडू, कोलीयांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाच जणांनी वाद मिटवावा.

मतदान झाले. सिद्धार्थ हरला. सैन्यात जायलाही त्याने नकार दिला. शिक्षा म्हणून फाशी किंवा देशत्याग, आणि घरच्यांवर बहिष्कार, असे पर्याय समोर आले. कुटुंबाला झळ लागू नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

सिद्धार्थाची तटस्थता ही अशी होती. तो सभेला गैरहजर राहिला नाही. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ असे म्हणून त्याने विषय टाळला नाही. त्याने पुरावा मागितला, तोडग्याची रीत सुचवली, आपल्याच माणसांची चूक आपल्याच सभेत बोलून दाखवली आणि तिची किंमत स्वतः मोजली. आणि ज्यांनी त्याला हरवले, त्यांच्याबद्दल मनात वैर धरले नाही. मनःशांती आणि बळ ही दोन्ही त्याला भांडणाच्या ऐन मध्यभागी उभे राहून मिळाली.

थायलंड आणि कंबोडियाच्या वादात पाचव्या माणसाची जागा काही काळ मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी घेतली. दोन बौद्ध देशांचे भांडण थांबवायला मुस्लिमबहुल देशाचा नेता उपयोगी पडला, ही गोष्ट बौद्ध म्हणवणाऱ्या सर्वांनी नीट लक्षात ठेवावी. त्यामागे अमेरिकेच्या व्यापारी दबावाचाही हात होता. दबावाने बंदुका थांबतात, मने थांबत नाहीत. पहिली शस्त्रसंधी वर्षअखेरपर्यंतही टिकली नाही, याचे एक कारण हेही आहे.

‘उपेक्षा’ आणि ‘उपेक्खा’

मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. आपण स्वतः पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षित राहिलो, त्यामुळे हा शब्द आपल्याला बोचतो. पण पाली ‘उपेक्खा’चा अर्थ वेगळा आहे. मूळ धातू ‘पाहणे’ असा आहे. राग-लोभ बाजूला ठेवून जे आहे ते नीट पाहणे, म्हणजे उपेक्खा. मेत्ता, करुणा आणि मुदिता यांच्या सोबतीने येणारी ती चौथी भावना आहे. त्या तिघींना सोडून ती एकटी उभी राहत नाही. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात बजावले आहे, की अज्ञानातून आलेली बेफिकिरी दिसायला उपेक्खेसारखीच असते आणि म्हणूनच ती तिची जवळची शत्रू आहे. बाबासाहेबांनीही उपेक्खा आणि बेपर्वाई यांत स्पष्ट फरक केला. फळाने विचलित न होता प्रयत्न करत राहणे, असा त्यांनी लावलेला अर्थ आहे.

कंबोडियाचे भिक्खू महाघोसानंद यांनी हे जगून दाखवले. बिहारमधल्या नालंदा येथे त्यांनी पालीचे शिक्षण घेतले होते. ख्मेर रूज राजवटीत त्यांचे कुटुंब संपले. तरीही थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांत जाऊन ते मैत्रीचाच उपदेश करत राहिले. १९९२ मध्ये त्यांनी थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत निर्वासितांसोबत धम्मयात्रा काढली. वाटेत भूसुरुंगांचा प्रदेश होता. १९९४ च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात एक भिक्खू आणि एक साध्वी मृत्युमुखी पडली. त्यानंतर यात्रेचे नियम आणखी कडक झाले. हत्यार घेऊन किंवा लष्करी गणवेशात कोणी चालायचे नाही, पक्षाचा झेंडा नाही, आणि सामील होण्याआधी अहिंसेचे प्रशिक्षण. तटस्थ राहायलाही सराव लागतो, हे त्यांना रक्त सांडल्यावर कळले होते.

प्रत्येक भांडण रोहिणीचे नसते

इथे आपले कार्यकर्ते एक रास्त प्रश्न विचारतील. अत्याचार करणारा आणि सोसणारा, यांच्यातही तटस्थ राहायचे का? अजिबात नाही. दोन शेजाऱ्यांचा पाण्याचा वाद आणि चवदार तळ्याचे पाणी नाकारणे, या सारख्या गोष्टी नाहीत. महाडला बाबासाहेब तटस्थ नव्हते, ते हक्काच्या बाजूने ठामपणे उभे होते. पण २० मार्च १९२७ ला परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिहल्ल्याला तयार असलेल्या अनुयायांना त्यांनी आवरले. त्यानंतर ते कायद्याच्या मार्गाने लढले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात तळ्याचा खटला जिंकला. तिथे बाजू घेतली होती, तरी मन द्वेषाच्या ताब्यात दिले नव्हते. उपेक्खा दोन्ही ठिकाणी लागते. रोहिणीवर ती मध्यस्थाच्या रूपात दिसते, महाडला सत्याग्रहीच्या रूपात.

आपल्या गावातली रोहिणी

हा धडा फक्त परदेशासाठी नाही. जयंतीच्या दोन मिरवणुका, विहाराच्या दोन समित्या, एकाच वस्तीत दोन नेत्यांचे दोन फलक, हे आपण रोज पाहतो. अशा भांडणात दोन्हीकडे आपलीच माणसे असतात. बहुतेक जण एक गट धरतात, आणि उरलेले ‘आम्ही कशात नाही’ म्हणून घरी बसतात. पाचवा माणूस व्हायला कोणी तयार नसते, कारण त्याला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात.

तरुणांनी ही जागा घ्यावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी सवयी साध्या आहेत. भडक व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला आणि कधीचा हे पाहावे. विरोधी गटातल्या माणसाला फोन करून त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे. आपल्या गटाची चूक आपल्याच बैठकीत, नाव न चिघळवता, बोलून दाखवावी. दोन्हीकडच्यांना मान्य होईल असे नाव सुचवावे. राग अनावर झाला तर त्या रात्री उत्तर लिहू नये, दहा मिनिटे आनापानसती करून सकाळी लिहावे. आणि मत हरले तरी चळवळ सोडू नये.

प्रेआ विहिअरच्या डोंगरावर शांतता कधी नांदेल, हे आपल्या हातात नाही. दोन्ही देशांतल्या बेघर कुटुंबांसाठी समान करुणा ठेवणे आणि एकाच्याही द्वेषाचा प्रचार न करणे आपल्या हातात आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत दोन गट समोरासमोर आले, की मधली खुर्ची रिकामी राहू न देणेही आपल्याच हातात आहे.