कोस्केर गुहा: ‘संरक्षित’ कोणापासून?

मार्सेलजवळच्या मोर्जू भूशिराखाली, समुद्रसपाटीपासून ३७ मीटर खोल, कोस्केर गुहेचे तोंड आहे. १९९२ मध्ये फ्रान्सने तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, प्रवेश बंद झाला आणि गुहा ‘संरक्षित’ म्हणवली जाऊ लागली.

माणसापासून संरक्षण, एवढाच अर्थ असेल तर बंदी योग्यच होती. पाणबुडे आंरी कोस्केर यांना ही गुहा १९८५ मध्ये सापडली; पण तिची अधिकृत नोंद झाली ती सप्टेंबर १९९१ मध्ये, तिच्या बोगद्यात तीन पाणबुड्यांचा जीव गेल्यानंतर.

त्यानंतर काही तज्ज्ञांनी चित्रे बनावट ठरवली. प्रोव्हान्समध्ये अशी गुहाचित्रे आढळत नाहीत, सबब ती असणार नाहीत, असा त्यांचा खाक्या! कोळशाच्या कार्बन-कालमापनाने तो मोडीत काढला: हातांचे ठसे सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे, बरीचशी प्राणिचित्रे सुमारे १९,००० वर्षांपूर्वीची. त्यांत घोडे, रानगवे आणि सील आहेत. शिवाय एकोणिसाव्या शतकात नामशेष झालेला, उडू न शकणारा ‘ग्रेट ऑक’ हा समुद्रपक्षीही.

तिला ‘सागरी गुहा’ म्हणणेही दिशाभूल करणारे आहे. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा कित्येक किलोमीटर दूर. चित्रकार चालत आत गेले. बर्फ वितळले, बोगदा बुडाला, गुहेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि तिथे चित्रे असलीच तर तीही गेली. आज उरले आहे ते पाण्यावर राहिलेल्या भिंतींवर. प्रसिद्ध घोड्यांच्या चित्रांचा खालचा भाग पाण्याने झिजू लागला आहे.

समुद्राला कोण अडवणार, असे म्हणून हात झटकले जातात. हिमयुग संपतानाची भरती निसर्गाची होती; आजच्या वाढीत मात्र माणसाच्या धुराचा वाटा मोठा आहे, आणि तो कमी करणे माणसाच्याच हाती आहे.

२०२२ पासून मार्सेलमध्ये गुहेची देखणी प्रतिकृती खुली आहे. ती जरूर पाहावी. पण तिला जतन म्हणू नये. काही ठशांत बोटे अपुरी का दिसतात, ती तुटलेली होती की खुणेसाठी दुमडलेली, हा वाद मिटलेला नाही. रंगाचा कण, काजळीचा थर, त्यावर साचलेला चुना हे पुरावे मूळ भिंतीवरच आहेत. प्रतिकृतीत उतरते ते केवळ आजवर मोजलेले. उरलेले मोजण्यासाठी मूळ भिंत कोरडी राहायला हवी.