पचनाचे रूपक आणि घडविणारे हात

१९२८ च्या मे महिन्यात ओस्वाल्द दि आंद्राद या ब्राझीलियन कवीने साओ पावलो येथे 'नरभक्षक जाहीरनामा' प्रसिद्ध केला. युरोपचे अनुकरण करू नये, त्याच्याकडे पाठही फिरवू नये. तुपी आदिवासी शत्रूला भक्षून त्याचे बळ आपलेसे करीत, तसे ब्राझीलने युरोपला खाऊन पचवावे, हा त्याचा मथितार्थ. वासाहतिक न्यूनगंडाला दिलेले हे खोडकर उत्तर त्या काळी मुक्तिदायी ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र नंतरच्या समीक्षेने या खोडीचाच सिद्धान्त केला. ब्राझीलची चित्रकला असो, वास्तुकला असो वा संगीत, 'पचविले' या एका क्रियापदात तिचे विवेचन आटोपते. येथे खाणारा नेमका कोण, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

जाहीरनाम्याला प्रेरणा होती तार्सिला दु आमारालच्या 'आबापोरु' या चित्राची. 'माणूस खाणारा माणूस' अशा अर्थाचे हे नाव मोन्तोया या जेझुइट धर्मोपदेशकाच्या ग्वारानी शब्दकोशाच्या आधारे जुळविले गेले. चित्रकर्ती जमीनदार मळेवाल्यांच्या घरातली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा चाळीस वर्षे झालेली. म्हणजे आदिवासीचा शब्द आला तोही मिशनऱ्याच्या कोशातून. ज्याच्या भुकेचे गोडवे गायिले गेले, तो पंक्तीला नव्हताच.

संगीताचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै १९६७ मध्ये साओ पावलोत इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध मोर्चा निघाला. गिटार परकी, म्हणून त्याज्य, ही त्याची भूमिका. मोर्चात चाललेल्या जिलबेर्तो जिलनेच त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनच्या गीतमहोत्सवात इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने गाणे सादर केले. समीक्षक या घटनेकडे देशीवादावर भक्षणवादाने मिळविलेला विजय म्हणून बोट दाखवितात. परंतु साल्वादोर शहरात दोदो आणि ओस्मार या दोघांनी चाळीसच्या दशकातच भरीव लाकडाचे विद्युत वाद्य स्वतः घडविले होते आणि १९५० च्या कार्निव्हलमध्ये ते जुन्या फोर्ड गाडीवर चढवून रस्त्यावर वाजविले होते. एक रेडिओतंत्र जाणणारा, दुसरा धातुकामाच्या कार्यशाळेतला. त्यांनी कोणाला खाल्ले नाही, कोणाला नाकारलेही नाही. गर्दीत ऐकू जाईल असा आवाज हवा होता, तो त्यांनी निर्माण केला. मोर्चेवाल्यांना हे वाद्य दिसले नाही आणि भक्षणवाद्यांनाही त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, कारण दोघांचेही लक्ष वस्तूच्या उगमाकडे. ती घडविणाऱ्या हाताकडे नाही.

ब्राझीलियाच्या बाबतीत हीच दृष्टी क्रूर होते. लुसिओ कोस्ताचा आराखडा, ऑस्कर निमायरच्या इमारती, ल कोर्बुझिएचे वळवून घेतलेले धडे: राजधानीची चर्चा एवढ्यातच फिरते. २१ एप्रिल १९६० रोजी तिचे उद्घाटन झाले. पण ती बांधणाऱ्या मजुरांसाठी ताग्वातिंगा ही वसाहत आराखड्याबाहेर १९५८ मध्येच वसवावी लागली होती. १९७१ मध्ये झोपड्या हटवून माणसे जिथे नेली, त्या सेलांदियाचे नावच मुळी अतिक्रमण-निर्मूलन मोहिमेच्या आद्याक्षरांवरून पडले. काँक्रीटला वक्रता देणारे साचे ज्यांनी उभारले, त्यांना त्या वक्रतेत जागा नव्हती.

रूपकाला इतके शब्दशः घेऊ नये, असा आक्षेप येईल. पण 'ब्राझीलने पचविले' या वाक्यात कर्त्याच्या जागी अखंड राष्ट्र बसविले जाते आणि मळेवाला, मजूर, आदिवासी हे सारे एकाच पोटात लुप्त होतात. अनुकरणाचा प्रश्न हा मुळात आधुनिक संस्कृतीपासून गरिबांना वगळण्याचा प्रश्न आहे, हे रोबेर्तो श्वार्त्स यांनी १९८६ मध्येच मांडले होते. त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मुद्दा मात्र बाजूला राहतो.

मराठी समीक्षेलाही 'प्रभाव पचविणे' हा शब्दप्रयोग प्रिय आहे. कलाकृती देशी की परकी, हा वाद अवश्य व्हावा. परंतु ती कोणी घडविली आणि घडविणाऱ्याला तिच्यात वाटा मिळाला का, हे आधी विचारले पाहिजे. हे न विचारणारी समीक्षा ढेकर ऐकून स्वयंपाकाचे गुणवर्णन करीत असते. चुलीपाशी कोण होते, याची ती चौकशी करीत नाही.