यंत्र थांबतं, पण कुणाच्या सांगण्यावरून?

वेस्ट विंडसरमध्ये कुठे खोदकाम सुरू असलं, की लहान मुलं पोकलेन बघत उभी राहतात. काही नव्या पोकलेनमध्ये एक छान सोय असते. सेन्सरमुळे बकेट नेमकी कुठे आहे, हे यंत्राला कळतं. ती केबिनला धडकणार असेल किंवा ठरवलेल्या खोलीच्या खाली जाणार असेल, तर यंत्र आपोआप थांबतं.

पण मला वाटतं, तेवढ्यावर विसंबून राहू नये. यंत्राला स्वतःचा हात कळतो, जमिनीखालचा पाइप कळत नाही. २३ मार्च १९९४ च्या रात्री आपल्या जवळच्याच एडिसनमध्ये गॅसची मोठी पाइपलाइन फुटली. अपार्टमेंटच्या आठ इमारती जळाल्या. कारण काय, तर आधी कधीतरी खोदताना यंत्राचा घाव पाइपला लागला होता!

म्हणून अंगणात झाड लावायचं असलं, तरी आधी ८११ ला फोन करायला हवा. तो फुकट असतो. मग माणसं येऊन खुणा करतात: पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची. ‘एवढासा तर खड्डा!’ असं बाबा म्हणाले, तर त्यांना थांबवा. यंत्र हद्दीवर थांबतं खरं, पण ती हद्द आधी माणसालाच आखावी लागते.