सायकलीवरून कृष्णा-वेण्णेच्या वाटेने

थंडी पडू लागली म्हणजे आपल्या कुटुंबांतून महाबळेश्वरास जाण्याचा विषय हटकून निघतो. मोटार ठरते, मंडळी पहाटे निघतात, वाईस चहा होतो, पसरणीचा घाट गप्पांत सरतो, आणि दोन दिवस पॉइंट पाहून, स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन सर्वजण परततात. यात वावगे काही नाही. परंतु पाच वेळा महाबळेश्वर पाहून आलेल्या मुलास, वेण्णा नदी पुढे कोठे जाते, असे विचारून पाहावे. त्याचे उत्तर बहुधा तलावातील होड्यांपाशीच थांबते. आम्हांस या अज्ञानावर एक उपाय ठाऊक आहे. तो थोडा कष्टाचा आहे, म्हणूनच तो येथे सविस्तर सांगावयाचा आहे.

वाईहून निघून पसरणीच्या घाटाने पाचगणी, तेथून महाबळेश्वर, मग केळघरच्या घाटाने मेढा, पुढे सातारा व माहुली, आणि लिंबावरून पुन्हा वाई, अशी ही सायकलीची फेरी सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटरांची भरते. नकाशा पुढे घेतला म्हणजे तिच्यातील मौज ध्यानात येते. कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. कृष्णा उत्तरेकडील खोऱ्यातून धोम, मेणवली, वाई करीत येते. वेण्णा दक्षिणेकडील खोऱ्यातून केळघर, मेढा, कण्हेर करीत येते. आणि साताऱ्यानजीक माहुलीस दोघी एक होतात. आपला रस्ता प्रथम या दोन खोऱ्यांमधील डोंगरावर चढतो, त्याच्या माथ्यावरून महाबळेश्वर गाठतो, मग वेण्णेच्या संगतीने संगमापर्यंत उतरतो आणि कृष्णेच्या खोऱ्यातून वर परततो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील की, ही प्रदक्षिणा उलटी झाली, उजवी घालावयास हवी होती. आक्षेप शास्त्रास धरून आहे. पण उजवी घातल्यास पसरणीचा घाट उतरावा लागतो, आणि सुटीच्या दिवशी मोटारींच्या रांगेतून तो उतरण्याचा सल्ला आम्ही तरी कोणास देणार नाही.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत वाईस पोहोचावे. गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेला ढोल्या गणपती बहुतेकांनी पाहिलेला असतो. तीनेक किलोमीटरांवरील मेणवली मात्र पुष्कळांची राहून जाते. तेथे नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली चर्चची घंटा आहे. अलीकडच्या मुलांस हा घाट ‘स्वदेस’ चित्रपटामुळे ओळखीचा वाटतो. ओळख कोठूनही झाली तरी आमची हरकत नाही.

आता घाटाकडे वळू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटर. हे सहाशे मीटरांचे अंतर बारा-तेरा किलोमीटरांत चढावयाचे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सुमारे पाच मीटर वर जावयाचे. आकडा लहान दिसतो. पोटऱ्यांस तो लहान वाटत नाही. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. तेथून वळणे सुरू होतात. ज्या सायकलीस गिअर आहेत तिने पुढचे लहान व मागचे मोठे चक्र धरून, श्वास न तुटेल अशा संथ गतीने चढावे. साध्या सायकलीनेही हा घाट चढता येतो. मात्र अधूनमधून उतरून ती हाताने ढकलावी लागते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पहाटे उजाडताच निघावे. उन्हाचा व मोटारींचा, दोहोंचाही ताप त्याने वाचतो. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट प्यावे. खाण्यास आजींच्या हातच्या दशम्या, गूळ आणि शेंगदाणे यांच्याहून सोयीचे काही बाजारात मिळते असे आम्हांस वाटत नाही.

येथेच एका प्रश्नाचा निकाल लावलेला बरा. मुलांस जाऊ द्यावे, यावर घरात फारसा वाद होत नाही; पण त्यांच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगीही निघाली म्हणजे काकू, आत्या, आजोबा अशा सर्वांस एकदम घाटाची वळणे आठवू लागतात. वळणे भावासाठी सरळ आणि बहिणीसाठी वाकडी असतात की काय? काळजी खरी आहे, आम्ही तिची थट्टा करीत नाही. पण तिचे उत्तर तयारीत आहे, मनाईत नाही. महिनाभर रोज वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवून, एखादा लहान चढ आठवड्यातून दोनदा चढून जी मुलगी दमत नाही, ती हा घाट चढेल. आणि ज्या मुलाने यातले काही केले नाही त्यास घरी ठेवावे. चार-पाच जणांनी मिळून जावे, त्यांत एक जाणते माणूस असावे, प्रत्येकाच्या डोक्यास हेल्मेट असावे. पाचगणीहून एक व मेढ्याहून एक असे दोन फोन पुरेत. दर अर्ध्या तासाने विचारपूस करणाऱ्या आईमुळे घाटात सायकलस्वाराचे लक्ष फोनकडे जाते, हे आईच्याच ध्यानात आणून द्यावे.

पाचगणीच्या पुढे भिलार लागते. २०१७ साली ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथील घराघरांतून पुस्तके मांडलेली असतात, आणि दमलेल्या सायकलस्वारास तासभर बसण्यास याहून चांगली जागा नाही. माथ्यावरून जाताना उजव्या हातास कृष्णेचे खोरे व धोमचे पाणी अधूनमधून दिसत राहते. मुक्काम महाबळेश्वरी करावा. १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधविलेला वेण्णा तलाव बाजारापासून जवळच आहे. दुसऱ्या दिवशीची सोबतीण तीच, म्हणून तिला संध्याकाळी एकदा पाहून घ्यावे.

चढापेक्षा उताराचे भय अधिक बाळगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चढ मनुष्यास दमवितो, पण उतार फसवितो. केळघरचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. चाकाची कड तापते आणि पकड सैल पडते. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक मिळून दाबावे, वेग कमी करावा, वळणात हात मोकळे ठेवावे. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे झिजली आहेत काय हे पाहावे. पावसाळ्यात या वाटेस जाऊच नये. महाबळेश्वरावर वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि धुक्यात समोरची मोटार दिसत नाही, दरडीही कोसळतात.

घाट संपला की जावळीचे खोरे. चंद्रराव मोऱ्यांपासून १६५६ साली शिवरायांनी घेतलेली जावळी ती हीच. तिचा मुलूख पुस्तकात दुर्गम म्हणून वाचला होता, तो पायांनी पटतो. मेढ्याहून साताऱ्यापर्यंत वेण्णा कधी दिसते, कधी शेतांआड जाते. साताऱ्याबाहेर पाच-सहा किलोमीटरांवर माहुली. महाबळेश्वरी पाहिलेली वेण्णा येथे कृष्णेस मिळते. आपल्यापैकी अनेक घरांतील अस्थी याच संगमात सोडल्या आहेत, पण तेव्हा भोवती पाहण्याची मनःस्थिती नसते. नारायणरावांच्या वधाबद्दल राघोबादादांस दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. शाहू महाराजांची समाधीही येथेच, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचे दगडी स्मारकही. देवळांचे दगडकाम पाहण्याजोगे आहे. घाटावरील प्लास्टिक व निर्माल्याचे ढीग न पाहण्याजोगे. त्यांत आपल्या दशम्यांच्या पिशव्यांची भर पडणार नाही, एवढे तरी मुलांस बजावून ठेवावे.

साताऱ्याहून महामार्गाच्या सेवारस्त्याने लिंब फाटा गाठून आत वळावे. लिंबची बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल. जिना उतरून गेले की पोटात लहानसा महालच. वर एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय. बैल उतारावर चालत आणि चामड्याची मोट पाण्यासह वर येई, हे आजच्या मुलांनी पाहिलेले नाही. पण काल आपलेच वजन सहाशे मीटर उचलून नेलेल्या मुलीस पाणी वर ओढणे म्हणजे काय, हे फार समजावून सांगावे लागत नाही.

लिंबाहून पाचवडमार्गे वाई हा शेवटचा टप्पा नकाशात सपाट दिसतो. आता नदी समोरून येत असते, त्यामुळे चढ किंचित का होईना असतोच, आणि थकल्या पायांस तो कालच्या घाटाहून जड वाटतो. म्हणून लिंबास दुपारी तीनच्या पुढे रेंगाळू नये. पाचवडचा फाटा उजेडात मागे पडावा; आणि दिवे नसलेली सायकल महामार्गाच्या कडेने, कोणी कितीही विनविले तरी, नेऊ देऊ नये.